पिंपळडोहच्या मगरीचं माप

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून नवं काम. रोज लिहायची मला सवय नाही, पण दिवाळीपासून दिवस एकमेकांत मिसळून जायला लागलेत. मंगळवारी काय केलं ते गुरुवारी आठवत नाही. म्हणून लिहून ठेवते.

काम असं: देवगाव रंगारीच्या पुढं पिंपळडोह नावाचं गाव आहे. गावाला लागून धरण, आणि धरणात एक मगर. गाव म्हणतं वीस फुटांची. मागच्या महिन्यात तिनं पाण्यावर आलेलं वासरू ओढलं. गावानं वनखात्याकडं अर्ज केला, आणि त्यात जुनं प्रकरणही घातलं. दीड वर्षापूर्वी, पावसाळ्यात, मुंजाबा नावाचा माणूस गावातून नाहीसा झाला. त्याच्या चपला काठावर सापडल्या, तो सापडला नाही. मगरीनंच नेला, असं सगळे म्हणतात. आता खात्याला हवंय की ही मगर नेमकी केवढी, ती माणूस नेऊ शकते का, तिला पकडून लांब कुठल्या तरी केंद्रात हलवायचं का. खात्यानं आमच्या वन्यजीव संस्थेला विचारलं. या जिल्ह्यात आमची संस्था म्हणजे मी एकटी, तीही कंत्राटावर.

गारखेड्याहून स्कूटीवर गेले. दौलताबादच्या घाटात एक ट्रक अडकलेला, तिथंच तास गेला. कसाबखेड्याच्या फाट्यानंतर रस्ता म्हणजे नुसते खड्डे. पोचेपर्यंत पाठ धरली. काठावर पोट घासल्याच्या, शेपटी ओढल्याच्या खुणा दिसल्या. रुंद आहेत, एवढं खरं. मगर दिसली नाही.

संध्याकाळी सत्यमला फोन केला. उचलला नाही. नंतर मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे. पुण्याला बदली झाल्यापासून या नवऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

मगरीला टेप लावता येत नाही. ती जिथं उन्हाला येते तिथं, ती नसताना, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे बांबू रोवायचे. मग ती बांबूंच्या शेजारी आडवी झाली की समोरच्या काठावरून फोटो काढायचे आणि पट्ट्यांवरून लांबी काढायची. वनरक्षक हनुमान आणि मी सकाळभर चिखलात बांबू रोवत होतो. हनुमान सारखा पाण्याकडं बघत होता. मीही.

समोरच्या काठावर जाऊन डबा उघडते तोवर पलीकडं शेळ्यांचा कळप आला आणि अंग घासून घासून चार बांबू पाडले. मागं एक बाई, काठी खांद्यावर आडवी. मी ओरडत पुन्हा वळसा घालून गेले. ती शांतपणे मिसरी लावत उभी.

"मावशी, शेळ्या आवरा की. दिवसभराची मेहनत आहे माझी."

"मेहनत? काठ्या रोवायची?" ती म्हणाली. "मला वाटलं, कुणाचं लगीन हाय."

मी मगरीचं माप सांगितलं. तिचा हात दातापाशीच थांबला.

"केवढी भरली?"

"अजून दिसलीच नाही."

"मी मंजुळा," ती म्हणाली. "तिनं नेला तो मपला मालक."

म्हणजे ही मुंजाबाची बायको. तिनं पडलेला एक बांबू उचलला, माझ्याकडं दिला, आणि शेळ्या हाकत निघून गेली. गावात नंतर कळलं की प्रेत सापडलं नाही म्हणून सरकारी मदत मिळाली नाही. पण तिनं कधी अर्जच केला नाही. लोक म्हणतात, लई मानी बाई.

१५ जानेवारी

काल संक्रांत. सत्यमला सुट्टी मिळाली नाही. मात्र सासूबाई लासूरहून एसटीनं आल्या, तिळगूळ आणि बाजरीचं पीठ घेऊन. आमचं कधी फारसं जमलं नाही. लग्नानंतर वर्षभर त्या मला 'मगरीवाली' म्हणायच्या, तेव्हा तर मी पक्षी मोजत होते. काल त्यांनी भाकऱ्या केल्या, मला जेवायला वाढलं, आणि मी ताटावर असताना पाठीवरून हात फिरवला. विचारलं, "तुझी नोकरी पक्की हाय ना गं?"

"कंत्राटावर आहे, आई."

"पक्की करून घे," त्या म्हणाल्या. "बाईच्या हाताला आपलं काम पाहिजे."

आज सकाळी परत गेल्या. वय झालं की माणसं मवाळ होतात. मला बरं वाटलं.

१९ जानेवारी, रविवार

दिसली.

अकराच्या सुमारास पाण्यावर आधी एक ओंडका आला, मग त्या ओंडक्याला डोळे आले. काठाशी येऊन कितीतरी वेळ नुसती थांबली. मग पुढचे पाय चिखलात रोवून अंग वर घ्यायला लागली, आणि अंग संपेचना. डोकं पहिल्या बांबूपाशी पोचलं तरी शेपूट पाण्यातच. पाठीवर शेवाळ. उजव्या मागच्या पायाला बोटं नाहीत, जुनी जखम. वर आली, आडवी झाली, आणि तोंड उघडून पडली, जसं कुणी दिवसभराची पायपीट करून ओसरीवर पडतं तसं. एवढ्या आकाराचा म्हणजे नरच असणार. पण आपल्या भाषेत मगर म्हणजे 'ती', आणि गावानं तिच्यावर जो आळ घातलाय तोही बाईवर घालावा तसाच. मीही 'ती'च लिहीन.

हनुमान माझ्या कानाशी म्हणाला, "मॅडम, ह्याच्यात तर दोन माणसं बसतील."

फोटो पुष्कळ काढले. आठ वर्षं या कामात आहे, एवढी मगर पाहिली नव्हती. घरी येताना सत्यमला सांगायला गाडी कडेला घेऊन फोन लावला. तो म्हणाला, "अरे वा. छान. जरा घाईत आहे, करतो." मागं कुकरची शिट्टी ऐकू आली. मित्रांच्या खोलीवर आता स्वयंपाक करतात वाटतं. बाहेरचं खाऊन त्याचं पोट बिघडतं, बरं झालं.

२७ जानेवारी

वेगवेगळ्या दिवसांचे फोटो मोजले, पुन्हा पुन्हा मोजले. चौदा फूट दोन इंच, दोन-चार इंच इकडंतिकडं.

हा आकडा प्रचंड आहे. आपल्याकडची मगर दहा-अकरा फुटांची भरली तरी मोठी म्हणायची. मला वाटलं होतं गाव ऐकून चकित होईल.

सरपंच काकासाहेबांच्या ओट्यावर सांगितलं. त्यांचं तोंड उतरलं. "चौदाच?"

"चौदा म्हणजे फार मोठी आहे, काकासाहेब."

"अठरा तरी लिवा की मॅडम. चौदा म्हणजे काहीच नाही ओ. आम्ही पेपरवाल्याला वीस सांगून बसलोय."

बन्सी म्हणून धरणात जाळी टाकणारा आहे, ज्याची जाळी मगरीनं तीनदा फाडली. तो म्हणाला, तुमच्या काठ्या चुकीच्या असतील. पट्ट्या पुन्हा मोजून दाखवल्या तरी त्याचा विश्वास बसेना. मी फार वाद घातला नाही. ताकद नव्हती.

परतताना मंजुळाबाई रस्त्यात भेटली. तिला कळलेलं होतं.

"चौदा फुटाची मगर माणूस खाती का?"

"मारू शकते, मावशी."

"गिळती का?"

"अख्खा नाही गिळत. तुकडे..." मी थांबले. कुणाशी बोलतेय ते आठवलं. "माफ करा."

"नाय, नाय. सांग," ती म्हणाली. "म्हंजे काहीच मागं राहणार नाय, असं व्हतंय का?"

"होऊ शकतं."

"असं लिव मग," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. निदान शंका तरी उरली नाही, असं तिला वाटत असावं. बिचारी.

४ फेब्रुवारी

पाणी उतरतंय. मगर आता रोज त्याच काठावर येते. मंजुळाबाईनं दुपारी घरी नेलं. दोन खोल्या, पुढं शेळ्यांचा वाडगा. शेजारी तिचा दीर कडुबा आणि त्याचं कुटुंब. कडुबा माझ्याशी आदरानं बोलला, आपल्या वहिनीशी त्याहून आदरानं. गावात तिला मान आहे. हापशावर बायका तिला आधी भरू देतात. लग्नकार्यात लोक तिच्याशी आवाज खाली करून बोलतात. मी काठावर असते तेव्हा पोरंसोरंसुद्धा बोट दाखवून सांगतात, मगरीनं नेलं ना, त्याची बायको.

भिंतीवर मुंजाबाचा फोटो, हार घातलेला. उंच माणूस, एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर.

"पोतं उचलून उचलून तसा झालाय," ती म्हणाली. "डाव्या खांद्यावरच घेतो. सांगितलं तरी ऐकत नाय."

मग म्हणाली, "नव्हता ऐकत."

दीड वर्ष झालं तरी माणूस जिभेवरून जात नाही. चहा प्यायला. माझा फोन मांडीवर होता, मी दोनदा उलटसुलट करून बघितला असेल.

"कुणाची वाट बघायलीस?"

"मालकांची. पुण्याला असतात. दुपारी जेवायच्या सुट्टीत फोन करतात कधी कधी."

"घरी कधी येतात?"

"आधी दर शनिवारी यायचे. आता काम वाढलंय."

"तू का नाय जात तिकडं?"

सांगितलं की तो मित्रांबरोबर राहतो, तिथं बायकांना चालत नाही, आणि माझं काम इकडं. तिनं उठून एका शेळीला उगाच काठी मारली.

९ फेब्रुवारी, रविवार

सत्यम काल आला. एकाच दिवसासाठी. मी चिकन केलं. तो थकलेला दिसत होता, मीही थकलेली, फार बोलणं झालं नाही. त्याची पाठ दुखते म्हणून हॉलमध्ये गादी टाकून झोपला. आज जाताना सगळे कपडे नेले, वरच्या कपाटातले स्वेटरसुद्धा. उन्हाळा तोंडावर आलाय म्हटलं, तर म्हणाला ऑफिसात एसी जोरात असतो. कागदपत्रांची फाईल, इस्त्री, त्याच्या बाबांचं घड्याळ, सगळं एका मोठ्या बॅगेत.

निघता निघता म्हणाला, लाइट बिल आणि गॅस तुझ्या नावावर करून घे, म्हणजे मी नसलो तरी तुला त्रास नको. एवढ्या धावपळीत त्याच्या हे लक्षात आलं. मला भरून आलं. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. जिन्यात थोडा वेळ उभा राहिला, मग गेला.

१४ फेब्रुवारी

काही नाही. मगर आली, पडली, गेली. मीही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस वाया गेला. मंजुळाबाईनं काल काठावर विचारलं, सिल्लोडला नेतेस का तुझ्या गाडीवर, शेळ्यांचं औषध आणायचंय. मी म्हटलं कन्नडला मिळेल. तर म्हणे सिल्लोडचंच लागतंय. तिनं कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून नेलं. कन्नड, पिशोर, मग पुढं. ती मागं दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसलेली, माझ्या खांद्याला घट्ट धरून.

सिल्लोडला औषधाच्या दुकानाकडं न वळता तिनं मला मक्याच्या आडतीकडं न्यायला लावलं. समोर चहाची टपरी. तिथं बसलो. आडतीत हमाल ट्रकमध्ये पोती चढवत होते, सगळीकडं मक्याचा भुसा उडत होता, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. ती एका उंच हमालाकडं बघत होती. तो डाव्या खांद्यावर पोतं घेऊन फळीवरून चढायचा, उतरायचा. एक तरणी बाई कडेवर मूल घेऊन डबा द्यायला आली. त्यानं रुमाल न सोडताच मुलाच्या डोक्यावर हात ठेवला.

"ओळखीचे आहेत का?" मी विचारलं.

"नाय," मंजुळाबाई म्हणाली. "माणसं किती काम करत्यात, ते बघायले."

चहा बशीत तसाच राहिला. "चल," ती म्हणाली.

"औषध?"

"ऱ्हाऊ दे."

म्हातारी माणसं लहरी असतात. पण ती काही म्हातारी नाही, चाळिशीतली असेल. येताना पिशोरच्या अलीकडं तिचं डोकं माझ्या पाठीला टेकलं. झोप लागली असावी. माझी कंबर पार गेली आहे.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. वेरूळच्या अलीकडून गाड्यांची रांग. माघारी आले. घरी बसून अहवाल लिहिला: लांबी, खुणा, फोटो, बसायच्या जागा. 'माणसावर हल्ला शक्य आहे. मुंजाबावर केला असं म्हणायला पुरावा नाही.' संस्थेच्या साहेबांचा फोन आला की खात्याला असलं धरसोडीचं चालत नाही, हो की नाही ते लिहा. म्हटलं, मला माहीत नाही तर मी काय लिहू. म्हणाले, मग ते पिंजरा लावतील, सावधगिरी म्हणून. पुढच्या बुधवारी गावात बैठक आहे.

पिंजरा लावला तर काय होईल ते मला माहीत आहे. एवढं म्हातारं जनावर ओढाताणीत दगावतं, नाहीतर सिमेंटच्या हौदात राहून खाणं सोडतं. मी ते पाहिलंय. पण दुसऱ्या बाजूला ती बाई आहे. तिच्या मालकाला मारणाऱ्या जनावराची बाजू मी तिच्यासमोर कोणत्या तोंडानं घेऊ?

३ मार्च

पिंजरा आला. काठावर ठेवलाय. लोखंडी, चौदा फुटांना पुरणार नाही असा. हनुमान म्हणाला, वाकवून घालतील. मंजुळाबाई शेळ्या सोडून पिंजऱ्याभोवती एक फेरी मारून आली.

"ह्याच्यात घालणार?"

"बैठकीत ठरलं तर."

"कशापायी?"

मी तिच्याकडं बघितलं. "मावशी, तुमच्या मालकांसाठीच की."

ती खाली बसली, चिखलातच.

५ मार्च, बुधवार

आज लिहिलं नाही तर उद्या मला खरं वाटणार नाही.

समाजमंदिरात बैठक. वनखात्याचे साहेब, काकासाहेब, गावातले सगळे कर्ते पुरुष पुढं, बायका भिंतीकडंनं. मी माप सांगितलं. कुणीतरी मागून म्हणालं, अठरा. साहेबांनी विचारलं, "मॅडम, ही मगर माणूस नेऊ शकते का? एका शब्दात."

"शकते. पण मुंजाबांना नेलं असं..."

"शकते," साहेबांनी शेजारच्या लेखनिकाला सांगितलं.

मग काकासाहेब उभे राहिले. मुंजाबाचं नाव घेतलं, गावाचा हाडाचा कष्टाळू माणूस म्हणाले, त्या माउलीकडं बघा म्हणाले. सगळे वळून मंजुळाबाईकडं बघायला लागले. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि उठली. लोकांना वाटलं, रडणार.

"तिनं नेला नाय," ती म्हणाली.

काकासाहेब म्हणाले, "बस माउली, बस, तुला त्रास..."

"नेला नाय म्हणते ना. सिल्लोडला हाय त्यो. मक्याच्या आडतीत पोती उचलतो. बाई ठेवलीय, लेकरू हाय. मी बघून आले. ह्या बाईच्या गाडीवर गेले होते."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्या क्षणापर्यंत मला काहीच कळलं नव्हतं. टपरी, रुमाल, डावा खांदा, सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी ते औषधाच्या नावाखाली लिहून मोकळी झाले होते.

कडुबा उभा राहिला. "मग चपला?"

"चपला मपल्या हातानं नेल्या काठावर. त्यो नव्या बुटात गेला, सिल्लोडच्या बाजाराचं निमित्त काढून. जुन्या चपला दारात दिसायच्या रोज. फेकायला गेले पाण्यात. फेकवल्या नाय. ठेवल्या आन् आले. दुसऱ्या दिवशी बन्सीला दिसल्या. गाव म्हणलं, मगरीनं नेला. मी काय म्हणले नाय. गावच म्हणलं, आन् मी गप बसले."

कुणीतरी हसलं. कडुबा बाहेर निघून गेला, त्याची बायको त्याच्या मागं. हापशावर तिला आधी भरू देणाऱ्या बायका जमिनीकडं बघत होत्या. साहेब टोपी घालायला लागले. ती तशीच उभी होती, पदर दोन्ही हातांनी धरून, आणि कुणीही तिला बस म्हणालं नाही.

६ मार्च

पिंजरा परत गेला. मुंजाबाचा जबाब घ्यायला पोलीस सिल्लोडला गेलेत.

ती काठावर होती. शेळ्या कमी होत्या. कडुबानं आपल्या शेळ्या वेगळ्या केल्या. मी शेजारी जाऊन बसले.

"का सांगितलंत? कुणाला कळलं नसतं."

"दीड वरीस मी तिच्या नावावर मान खाल्ला," ती म्हणाली. समोर मगर आडवी पडलेली. "नवऱ्यानं टाकलेली म्हणून लोक थुंकले असते, त्यापेक्षा हे बरं वाटलं. तेवढ्यापुरतं चालून गेलं. तिला काय, बोलता येत नाय. पण पिंजऱ्यात घालाया लागले, मग मला ऱ्हावंना. मपल्यापायी तिच्यावर आळ."

"आता लोक..."

"बोलतील. बोलून बोलून दमतील."

मग ती माझ्याकडं वळली. "पोरी, एक सांगू? रागावशील."

"सांगा."

"तुझा मालक बी यायचा नाय."

मी उठले. म्हटलं, मावशी, तुमचं दुःख मोठं आहे, पण सगळ्यांचे नवरे सारखे नसतात. ती म्हणाली, "नसू दे. देवा, नसू दे." मी गाडीला किक मारली. वाटेत फार चिडलेले होते. तिला सत्यम माहीत नाही. तिला काय माहीत?

१० मार्च

सत्यमचा फोन बंद.

१२ मार्च

बंद. आज वरचं कपाट उघडलं. त्यात माझी एक जुनी साडी आणि बाकी नुसता कागद अंथरलेला. लाइट बिलाचा अर्ज मी मागच्याच आठवड्यात दिला, बिल आता माझ्या नावावर येईल. कितीतरी वेळ कपाटासमोर उभी राहिले आणि मागं लिहिलेलं सगळं वाचून काढलं. कुकरच्या शिट्टीपाशी येऊन थांबले.

१३ मार्च, गुरुवार

होळी. खाली सोसायटीत लाकडं रचत होते. मी सासूबाईंना फोन लावला.

"आई, सत्यम पुण्यात कुणाजवळ राहतो?"

पलीकडं कुठल्यातरी मालिकेचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"दसऱ्यापासून त्या बाईचं सांगू सांगू म्हणत होते," त्या म्हणाल्या. "त्यो म्हणला, मी सांगतो. मला वाटलं, सांगितलं असंल. संक्रांतीला आले तं तुझं तोंड बघून कळलं, सांगितलं नाय."

"बरं," मी म्हटलं. रडू आलं नाही. एवढा थकवा कधी आला नव्हता. उभ्या उभ्या भिंतीला टेकले आणि खाली बसले.

१६ मार्च, रविवार

सासूबाई आल्या. न सांगता, एसटीनं, हातात पिशवी. दारात उभ्या राहिल्या, आत येऊ की नको असं करत. मी म्हटलं, या. त्या म्हणाल्या, "चार दिवस ऱ्हाते. नको असंल तर जाते." मी म्हटलं, राहा.

त्यांनी भाजी निवडली, मी भांडी घासली. पुण्याचं नाव दोघींनीही काढलं नाही. दुपारी जेवून बसलो, तर त्या टेबलावरचे फोटो बघायला लागल्या. चष्मा नीट करून, एकेक जवळ धरून.

"हीच का ती?"

"हीच."

"केवढी म्हणावी?"

"चौदा फूट."

"चौदा म्हंजे केवढी? मला फूटबिट कळत नाय."

मी टेप घेतला. त्याचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि त्यांना दाराला पाठ लावून उभं केलं. मी टेप सोडत मागं मागं गेले. हॉल संपला, तरी मगर संपली नव्हती. स्वयंपाकघरात शिरले, ओट्याला टेकले, तेव्हा चौदा झाले.

"हितपर्यंत?" त्यांनी तिकडून विचारलं.

"इथपर्यंत."

"अगं बाई." त्या टेपच्या त्या टोकाला उभ्या, मी या टोकाला. मध्ये सोफा, रिकामी खुर्ची, सत्यमनं गादी टाकली होती ती जागा. "एवढ्या मोठ्या जनावराला घालवत होते व्हय ते लोक? तिनं काय केलं होतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तिनं काहीच केलं नव्हतं."

मग मी तिथंच ओट्यापाशी रडायला लागले. सासूबाई टेपचं टोक न सोडता माझ्याकडं चालत आल्या.